लालमियाँचं मादीझाड

लालमियाँच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं परतूरच्या स्टेशनामागच्या बंगल्यात एका कुऱ्हाडीखाली गेली. त्याच कुऱ्हाडीखाली त्याचा एकुलता एक पोरगा गेला. त्यानंतर त्याच दुपारी लालमियाँनं जे केलं, त्यासाठी त्याच्या बायकोनं, मैमूनानं, त्याला कधी माफ केलं नाही.

बंगला होता निजामाच्या एका बड्या अंमलदाराचा. लालमियाँ तिथला माळी. आंबे, मोसंबी, मोगरा सगळं होतं, पण त्याचा जीव होता तो दोन झाडांवर. साहेबांनी ती हैदराबादेहून पिल्लं म्हणून आणली होती, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आगगाडीनं. दिसायला बुटक्या खजुरीसारखी, पानांच्या टोकाला सुया. साहेब त्यांना सायकस म्हणत, गावातले लोक नवाबाची खजूर म्हणत आणि लालमियाँ नुसतं नर आणि मादी म्हणे.

नर कोणता, मादी कोणती, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षं पाणी घालता घालता त्यानंच ते पाहून ठेवलं होतं. उन्हाळा सरत आला की नराच्या डोक्यातून हातभर लांबीचं, खवल्याखवल्यांचं पिवळं कणीस निघे. त्याला आंबूस वास यायचा आणि टिचकी मारली की पिवळी भुकटी झडायची. मादीला कणीस नाही. तिच्या डोक्यात तपकिरी लव असलेल्या पानांचा गड्डा यायचा आणि त्या पानांच्या कडेला उघड्यावरच बिया लागायच्या. फूल नाही, फळाची साल नाही, काही नाही. सकाळी लवकर शिडीवर चढून पाहिलं तर कोवळ्या बियांच्या टोकाला बारीक थेंब चमकायचा. त्या थेंबावर नराची भुकटी पडली, तर पुढं बी रुजायचं. नाही पडली, तर बी मोठं व्हायचं, पिकून भगवं व्हायचं, आत खोबऱ्यासारखा पांढरा गरही गच्च भरायचा, पण मातीत घातलं की कुजायचं.

"आई खाऊ आधी भरून ठेवती, लेकरू मागून येतं," असं तो लोकांना सांगे. लोक हसत. पण त्यानं बिया चिरून पाहिल्या होत्या. श्रावणात गर तयार असायचा, आत लेकरू मात्र नसायचं. ते दिसायचं दिवाळीनंतर, मधोमध, गुंडाळलेल्या दोऱ्याच्या टोकाला, तांदळाच्या कणीएवढं.

आणखी एक गोष्ट त्याला आणि मैमूनालाच माहीत होती. तो गर जहर होता. बंगल्यातल्या कुत्र्यानं एकदा दोन बिया फोडून खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी ते मेलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मादीवर भुकटी टाकायला शिडीवर चढला तो बदरोद्दीन, लालमियाँचा पोरगा. बावीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, पण सुट्टीच्या दिवशी बापाच्या हाताखाली यायचा. त्या वर्षी मादीला कधी नव्हत्या एवढ्या बिया लागल्या.

ते वर्षच वाईट होतं. रझाकारांच्या टोळ्या खेड्यापाड्यांतून फिरत होत्या. आष्टीच्या वाटेवर कोसभरावर एक वाडी होती. तिथल्या पुंजारामच्या थोरल्या भावाला त्यांनी भर पेरणीत, तिफणीवर हात असतानाच गोळी घातली. प्रेत दोन दिवस उचलू दिलं नाही. पुंजारामची आई तुळजाबाई बंगल्यात खुरपायला यायची, ती त्यानंतर यायची बंद झाली. आणि परतुरात त्याच टोळीनं जिनिंगमधल्या पोरांना दमदाटी करून कवायतीला उभं केलं. बदरोद्दीन दोन दिवस खाकी सदरा घालून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी तापाचं निमित्त करून घरी बसला. पण ते दोन दिवस लोकांनी पाहिले होते.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. साहेब बायकापोरांसह आधीच हैदराबादला निघून गेले होते. लालमियाँला कुणीतरी म्हणालं, तूही जा. तो म्हणाला, "मी कुनाचं काय केलं? झाडाला पानी घालून राह्यलो."

फौज पुढं निघून गेली आणि मागं लोक आले.

दुपारची वेळ होती. चाळीसेक माणसं, हातात काठ्या, विळे, कुऱ्हाडी. लालमियाँनं मैमूनाला विहिरीजवळच्या खोलीत कोंडलं. बदरोद्दीन फाटकाची कडी लावायला धावला, तोवर फाटक आत कोसळलं होतं. त्यानं उलटं वळून पळ काढला. त्या दोन झाडांपाशी पानांच्या सुयांत त्याचा सदरा अडकला. तो सोडवेपर्यंत त्याला घेरलं.

"हाच! ह्याच्या अंगात खाकी व्हती!"

"दोनच दिस," बदरोद्दीन म्हणाला. "खुदा कसम, दोनच दिस. जबरदस्तीनं—"

पहिली काठी तोंडावर बसली. दात फुटले. तो गुडघ्यावर आला. लालमियाँ धावत आला तेव्हा पोराच्या कानातून रक्त वाहत होतं, काठ्या चालूच होत्या, आणि पुंजाराम कुऱ्हाड उचलून उभा होता. पुंजारामचे डोळे लाल झाले होते आणि तो बडबडत होता. भावाचं नाव घेत होता.

लालमियाँनं मध्ये हात घातला. कुऱ्हाड थांबली नाही. तीन बोटं उडाली आणि तेच पातं बदरोद्दीनच्या मानेत शिरलं. दुसरा घाव घालायची गरज नव्हती. तरी पुंजारामनं घातला. तिसरा घातला. मग पोरात काही उरलं नाही, तरी त्याचा हात थांबेना आणि त्यानं शेजारच्या नराच्या खोडावर घाव घालायला सुरुवात केली. खोड मऊ, पिठूळ. वीसेक घावांत झाड आडवं झालं. तेव्हा कुठं तो थांबला, धापा टाकत.

लालमियाँच्या डोक्यात कुणीतरी काठी घातली होती. तो पाटात पडला होता. मेला समजून कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. पण त्याला दिसत होतं. बंगल्यातून हंडे, गाद्या, दारांच्या चौकटी बाहेर निघाल्या. मग आग लागली. पुंजारामनं डोक्याचा पटका सोडला आणि मादीच्या डोक्यातल्या भगव्या बिया ओरबाडून त्यात भरल्या.

"नवाबाचा मेवा," तो कुणाला तरी म्हणाला. "पोरं खातील घरी."

ते गेले. मैमूना खोलीचं दार मोडून बाहेर आली. ती आधी पोराकडं गेली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, आणि ते सरळ राहीना, म्हणून दोन्ही हातांनी धरून बसली. बऱ्याच वेळानं ती उठली, पदर फाडून लालमियाँचा हात बांधला. रडली नाही.

लालमियाँ पहिलं बोलला ते हे: "वो जहर लेके गया."

मैमूनाला आधी समजलं नाही. मग तिनं ओरबाडलेल्या झाडाकडं पाहिलं.

"लेके जान दे," ती म्हणाली.

"घर में चार पोट्टे हैं उसके. बुढ़िया है."

"खान दे उनकू." तिचा आवाज अगदी शांत होता. "सब मर जान दे. मेरा एकीच था."

लालमियाँ बसून राहिला. हाताच्या चिंधीतून रक्त ठिबकत होतं. त्यानं डोळे मिटले, उघडले. मग विहिरीच्या काठाला धरून उभा राहिला.

"मेरे पोट्टे कू ऐसाच छोड के जाते तुम?" मैमूना ओरडली. "उसके कातिल के घर? जिसने काटा उसकू बचाने?"

तो आष्टीच्या वाटेला लागला.

कोसभर वाट. दोनदा तो खाली बसला, एकदा पालथा पडला. वाटेत माणसं भेटली, कुणी शिव्या दिल्या, कुणी धोंडा मारला, पण रक्तानं माखलेल्या, आपल्याच पायांनी वाडीकडं चाललेल्या माणसाचं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही. दिवस मावळायच्या आत तो पुंजारामच्या अंगणात पोचला.

चार पोरं ओळीनं ताटल्या घेऊन बसली होती. तुळजाबाईनं बिया फोडून तव्यावर भाजल्या होत्या. उरलेल्या पाट्यावर वाटून, ज्वारीच्या पिठात मिसळून, ती परातीत भाकरीचं मळत होती. पुंजारामची बायको चुलीशी होती. पुंजाराम स्वतः दगडी रांजणाजवळ अंगावरचं रक्त धूत होता.

लालमियाँ सरळ आत शिरला आणि त्यानं परातीला लाथ मारली. पीठ मातीत पसरलं. पोरं किंचाळली.

पुंजारामनं वळून पाहिलं. ज्याला तो मेला समजत होता तो माणूस त्याच्या अंगणात, त्याच्या पोरांवर उभा होता. त्यानं खुंटीवरचा दांडा उचलला. पहिला तडाखा लालमियाँच्या खांद्यावर बसला आणि गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"खाऊ नका!" लालमियाँ खाली पडून ओरडत होता. "जहर हाय ते! पोरान्ला देऊ नका!"

"जहर कालवाया आला, हरामखोर!" पुंजाराम मारतच होता. पाठीत, कमरेत, गुडघ्यांवर. लालमियाँ कोपरानं सरपटत तव्यापर्यंत गेला आणि त्यानं तवाच चुलीत उलटा केला. हात भाजला. उरलेल्या बिया राखेत गेल्या.

"थांब रं पुंजा," तुळजाबाई म्हणाली. "लालभाऊ खोटं बोलनारा न्हाई. म्या वळखते त्याला." तिनं तोंडावर हात ठेवला. "म्या मघाशी खाल्ल्यात चार-पाच. गोड लागल्या. तवाधरनं पोटात मळमळून राह्यलं..."

आणि ती तिथंच, परातीशेजारी, ओकली.

दांडा थांबला. पुंजाराम आईकडं पाहत राहिला, मग पोरांकडं. थोरल्या पोराचा हात धरून त्यानं त्याच्या तोंडात बोट घातलं. "खाल्लं का? सांग, खाल्लं का?" पोरगा रडत मान हलवत होता. कुणीच खाल्लं नव्हतं. आजी म्हणाली होती, भाकरी होऊ द्या.

लालमियाँ उठला. कसा उठला ते त्यालाही पुढं आठवत नव्हतं. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी पाणी दिलं नाही. तो परत फिरला.

बंगल्यात पोचला तेव्हा आग विझत आली होती. मैमूनानं त्याच्याच कुदळीनं, मादीझाडापासून दहा पावलांवर, एकटीनं कबर खोदली होती. पोराला चादरीत गुंडाळून खाली उतरवलं होतं. माती लोटून झाली होती.

"तुम्हारे हिस्से की मिट्टी बी मैंने डाली," ती म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी जवळपास नऊ वर्षं बोलली नाही.

तुळजाबाई चौथ्या दिवशी गेली. शेवटी तिला ओळख पटत नव्हती, अंग पिवळं पडलं होतं. पुंजारामनं आपल्या हातांनी आणलेल्या मेव्यानं तिला मारलं, हे वाडीला कळलं होतं. बदरोद्दीनच्या खुनाची फिर्याद कुणी नोंदवली नाही, साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. एकदा पोलीस येऊन लालमियाँला विचारून गेले. तो म्हणाला, गर्दी व्हती, ध्यानात न्हाई. विहिरीजवळच्या खोलीत मैमूनानं हे ऐकलं आणि हातातली थाळी भिंतीवर फेकली.

साहेब परतले नाहीत. जळका बंगला काही वर्षं तसाच राहिला. मग गावातल्या काकासाहेबांनी कमिटी करून तिथं शाळा काढली. लालमियाँला माळी म्हणून ठेवलं, डाव्या हातानं जमेल तेवढं करायला. आणि शिपाई म्हणून काकासाहेबांनी आणला तो पुंजाराम. शेत वाट्यानं लावून तो परतुरात राहायला आला होता. दोघं एकाच आवारात काम करू लागले. पुंजाराम घंटा वाजवी, लालमियाँ पाणी घाली. एक शब्द नाही.

मादीझाड उभं होतं. एकाआड एक वर्षी त्याला बिया लागत. मोठ्या, भगव्या, भरदार. लालमियाँला माहीत होतं की आत काही नाही. दिवाळी झाली की मैमूना एक बी उचलून आणायची, पाट्यावर ठेवून विळ्यानं चिरायची. गच्च पांढरा गर. मधोमध काही नाही. ती दोन्ही फाकी बराच वेळ पाहायची आणि उकिरड्यावर फेकायची. लालमियाँ अंगणात बसून ते बघायचा. त्याला वाटे, विळा आपल्यावरच चालतोय.

छप्पन्न साली सायन्स शिकवायला वामनमास्तर आले. तरुण, चष्मा, हैदराबादेत उर्दूतून शिकलेले, आता मराठीतून शिकवताना दर वाक्याला अडखळणारे. झाड पाहून ते हरखले. लालमियाँनं त्यांना थेंब, भुकटी, दोरा, सगळं सांगितलं, तेव्हा ते वहीत लिहून घ्यायला लागले.

"चाचा, ह्याला अनावृतबीजी म्हणतात. उघड्या बियांची झाडं. ज्वारीत, आंब्यात परागाशिवाय दाणा भरतच नाही. आधी गर्भ धरतो, मग त्याच्यासाठी खाऊ साठतो. त्या खाऊत नराचाही वाटा असतो. इथं तसं नाही. हा गर सगळा एकट्या मादीचा. नर येवो न येवो, ती आपल्या अंगातून भरून ठेवते."

दारात मैमूना उभी होती. ती ऐकत होती.

"मंग लेकरू न्हाई आलं तर त्याचं काय होतं, मास्तर?" लालमियाँनं विचारलं.

"काही नाही. तसाच राहतो. सुकतो, कुजतो."

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर औरंगाबादेहून एका बागेतल्या नराची भुकटी लिफाफ्यात घालून घेऊन आले. लालमियाँला तुटक्या हातानं शिडी चढवत नव्हती, खांदाही वर जात नव्हता. मैमूनानं त्याच्या हातातून लिफाफा घेतला आणि ती शिडी चढली. पानांच्या सुया तिच्या दंडात घुसत होत्या. तिनं लवेच्या पानांत तोंड घातलं.

"थेंब आया है," ती वरून म्हणाली.

जवळपास नऊ वर्षांनी ती त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. लालमियाँ शिडीचा पाय धरून उभा होता. त्याला वर पाहवेना.

त्या दिवाळीनंतर विळ्यानं चिरलेल्या बीच्या पोटात गुंडाळलेला दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला कणीएवढा पांढरा गर्भ. मैमूनानं ते पाहिलं आणि ती पाट्यावर डोकं आपटून ओरडू लागली. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. नऊ वर्षांत ती रडली नव्हती. ते सगळं त्या दिवशी निघालं. तिचं कपाळ फुटलं, लालमियाँनं तिला धरलं, तेव्हा तिनं त्याच्या दंडाचा चावा घेतला, रक्त येईपर्यंत. त्यानं हात काढून घेतला नाही.

उरलेल्या बियांपैकी तीन रुजल्या.

अठ्ठावन्न साली काकासाहेबांची गाय शाळेच्या आवारात शिरली आणि त्या झाडाची कोवळी पानं खाऊन गेली. पंधरा दिवसांत तिचे मागचे पाय लुळे पडले. फरफटत चालू लागली, मग चालेचना. काकासाहेब भडकले. "शाळेत लेकरं आहेत. ते विषारी झाड उद्याच्या उद्या तोडून टाका." वामनमास्तर कुंपण घालू म्हणाले, त्यांचं ऐकून घेतलं नाही.

सकाळी शाळा भरायच्या आधी पुंजाराम कुऱ्हाड घेऊन आला.

लालमियाँ आडवा आला. "पुंजाराम, एक दिवस थांब. मास्तर काकासाहेबास्नी पुन्यांदा सांगनार हायेत."

"हुकूम हाय. मी काय करू?" पुंजाराम त्याच्याकडं न पाहता म्हणाला आणि झाडाकडं वळला.

मैमूना मागून आली. तिच्या हातात विळा होता. पहिला वार त्याच्या पाठीत, खांद्याच्या फऱ्याजवळ बसला. पुंजाराम वळला, तर दुसरा दंडावर, हाडापर्यंत. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. त्यानं ती उचलली नाही. तिसऱ्या वाराला लालमियाँनं तिला मागून मिठी घातली. ती त्याच्या मिठीत झटे देत होती, "छोडो, छोडो मेरे कू," विळा हवेत फिरत होता, लालमियाँचा कान कापला गेला.

पुंजाराम खाली बसला. कुऱ्हाड त्यानं बाजूला टाकली. दंडातून रक्ताची धार लागली होती.

"माही चारी पोरं जित्ती हायत, चाची," तो म्हणाला. "थोरल्या लेकीला पोरगं झालं. धा वर्सं झाली, हे सांगाया यायचं व्हतं. न्हाई आल्तो."

"मेरा एक था," मैमूना म्हणाली.

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "म्याच मारला."

हे त्यानं वामनमास्तरांच्या देखत म्हटलं. ते ओरडा ऐकून धावत आले होते. त्यांनीच धोतराची पट्टी फाडून दंड आवळला आणि त्याला दवाखान्यात नेलं.

फौजदार आला. त्यानं जखमा पाहिल्या, विळा पाहिला, लालमियाँचा कान पाहिला. खाटेवरच्या पुंजारामला विचारलं, "कुणी मारलं?"

"कुनी न्हाई, साहेब. कुऱ्हाड निसटली."

"कुऱ्हाड पाठीत निसटते होय?"

"निसटली बगा."

फौजदारानं दोनदा विचारलं, आवाज चढवला, मग वही मिटून गेला. पुंजारामचा डावा हात पुढं कधी पूर्ण सरळ झाला नाही. घंटा तो उजव्या हातानं वाजवत राहिला.

काकासाहेबांनी झाडाचा नाद सोडला. माणसाचं रक्त सांडलेलं झाड तोडायला दुसरं कुणी तयार होईना. वामनमास्तरांनी भोवती काटेरी तार लावून घेतली आणि पाटी लावली. तीन रोपांतलं एक औरंगाबादला गेलं, एक मेलं, एक तारेच्या आत वाढत राहिलं. ते नर निघेल की मादी, हे कळायला अजून बरीच वर्षं जावी लागणार होती.

साठ साली मास्तरांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी लालमियाँला विचारलं, "चाचा, तुम्ही त्या दिवशी का गेलात? खरं सांगा."

लालमियाँनं पाण्याची झारी खाली ठेवली.

"लोक म्हन्तात, देवमानूस. तसं काय न्हाई, मास्तर. पुंजारामच्या पोरांची दया बिलकुल आली न्हवती मला. ती मेली असती तर मला झोप लागली असती. पर त्या बियांवर भुकटी बदरूनं टाकल्ती. माझ्या पोरानं जन्मात कुनाला चापट मारली न्हाई. लोकांनी त्याला मारला, ते मारला. पर त्याच्या हातच्या बियांनी चार लेकरं मारली असं व्हाया नगं, एवढंच मनात आलं." तो खाली बसला. "तरी म्हातारी गेलीच. आन् मैमूनाचंबी बराबर हाय. मी माझ्या पोराला उघड्यावर टाकून गेल्तो. ते मी केलं. ते कुनी माफ करू नये."

मास्तरांनी झारी उचलून त्याच्या डाव्या हातात दिली.

मैमूना त्याच्याशी आता कामापुरतं बोलत असे. पाणी तापलंय, मीठ संपलंय, पाऊस येतोय. त्याचा अधू खांदा थंडीत धरला की तेल चोळून देई, जोरानं, कळ उठेपर्यंत. पण जेवायला ती त्याच्यासोबत कधी बसली नाही. त्याचं ताट वाढून ती बाहेर ओट्यावर जाई, आणि त्याचं जेवण झाल्यावर आत येई.